आधी अंक, मग बायॉस

बायॉस अपडेट करायचा की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो प्रोसेसरच्या निमित्ताने. मी सांगलीत पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी नि मांडणी करते. 2019च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं, त्यात माझा जुना संच गेला. त्यानंतर घेतलेला हा संच: बी 450 चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर एएमडीचा सहा कोअरचा रायझन 5 2600. पानं लावायला तो आजही पुरतो. पण अलीकडे जुन्या, दुर्मीळ पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढण्याचं काम वाढलं. टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला एखादा जाडजूड ग्रंथ दिला की यंत्र रात्रभर राबतं, आणि या कामात जितके कोअर जास्त तितकी पानं एका वेळी पुढे सरकतात. आठ कोअरचा रायझन 7 5700एक्स त्याच सॉकेटात बसतो. विजेची मर्यादाही तीच, 65 वॅट. म्हणजे पॉवर सप्लाय बदलायला नको. अडचण एवढीच की माझा बायॉस 2019चा आणि हा प्रोसेसर बाजारात आला 2022मध्ये. जुन्या बायॉसला तो ओळखताच येत नाही. तसाच बसवला तर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील.

तेव्हा जुना प्रोसेसर जागेवर असतानाच आधी बायॉस बदलायचा, मग प्रोसेसर. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, “मावशी, पाच मिनिटांचं काम आहे. पेन ड्राइव्ह लाव, एंटर दाब.” दुरुस्तीवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, “ताई, चालू मशीनला कशाला हात लावताय? बोर्ड मेला तर अंक कसा काढणार?” दोघांचंही खरं होतं. पण माझ्या बोर्डासाठी निघालेल्या आवृत्त्यांखाली काय लिहिलंय, ते दोघांपैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, निर्णय तिथेच दडलेला असणार.

दादांच्या भीतीला मात्र इतिहास आहे आणि मी तो पाहिला आहे. 26 एप्रिल 1999ला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरची यंत्रं बंद पाडली. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो लिहिला होता. चेर्नोबिल अपघाताची तारीखही तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले. तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमेल तिथे बायॉसच्या चिपवरही भलतंच काही लिहून ठेवायचा. मी तेव्हा एका छापखान्यात पेजमेकर शिकत होते. आमचे मालक पुढची कित्येक वर्षं एप्रिल संपत आला की यंत्रातली तारीख पुढे ढकलून ठेवायचे. त्या काळी बऱ्याच बोर्डांवर बायॉसची चिप सॉकेटात असे. उपटून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा लिहिता येई. आज ती बहुतेक ठिकाणी डाख देऊन बसवलेली असते.

धोका नेमका कुठे आहे, हे समजून घेतलं तेव्हा माझी भीती बरीच आटोक्यात आली. माझ्या बोर्डावर ही चिप 16 एमबीची आहे. यंत्र सुरू केलं की मेमरी, डिस्क, पडदा यांना जागं करणारी पहिली आज्ञावली तिच्यातून वाचली जाते. विंडोज फार नंतर येतं. अपडेटच्या वेळी चिपचा एकेक भाग पुसला जातो आणि नव्याने लिहिला जातो. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर जुनी आज्ञावली गेलेली आणि नवी अर्धवट, अशी अवस्था होते. काही बोर्डांना मागच्या बाजूला बटण असतं, ते दाबून प्रोसेसरशिवायही बायॉस लिहिता येतो. माझ्या बोर्डाला ती सोय नाही.

मग एका संध्याकाळी मी आवृत्त्यांची यादी काढून खालून वर वाचत गेले. प्रूफ वाचते तशी, ओळीवर पट्टी ठेवून. एएमडी आपल्या प्रोसेसरसाठी एजेसा नावाची मूळ आज्ञावली देते आणि मदरबोर्डवाले ती आपापल्या बायॉसमध्ये गुंफतात, त्यामुळे प्रत्येक आवृत्तीसमोर एजेसाचाही क्रमांक असतो. मे 2020मध्ये एएमडीने आधी जाहीर केलं होतं की पुढच्या पिढीचे प्रोसेसर 400 मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. चिपमध्ये सगळ्या पिढ्यांची माहिती मावत नाही, हे एक कारण होतं. ग्राहकांची नाराजी पाहून त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. म्हणून आज माझ्यासारखीचा जुना बोर्ड कामाचा राहिला आहे, आणि याबद्दल मला मनापासून बरं वाटतं. चालतं यंत्र टाकून देण्याचा मला तिटकारा आहे. पण जागेचा प्रश्न खराच होता. काही आवृत्त्यांमध्ये नव्या प्रोसेसरांना जागा करण्यासाठी फार जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला होता. आणखी एक ओळ ठळक होती: ही आवृत्ती टाकल्यावर मागे जाता येणार नाही. आणि त्याआधी एक मधली आवृत्ती टाकणं आवश्यक. म्हणजे चिप दोनदा लिहायची.

नव्या प्रोसेसरचं कारण बाजूला ठेवलं, तरी दोन नोंदींनी मला थांबवलं. पहिली लोगोफेलची. डिसेंबर 2023मध्ये बायनर्ली या सुरक्षा संशोधन करणाऱ्या कंपनीने दाखवून दिलं की यंत्र सुरू होताना दिसणारं कंपनीचं बोधचिन्ह वाचणाऱ्या आज्ञावलीतच खोट आहे. कुणी यंत्रात शिरून त्या जागी मुद्दाम बिघडवलेलं चित्र ठेवलं, तर विंडोज सुरू होण्याआधीच त्याची आज्ञावली चालू शकते. आयुष्यभर चित्रांच्या फायली हाताळणाऱ्या मला हे वाचून धक्का बसला. चित्राची फाइल निरुपद्रवी असते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

दुसरी नोंद एफटीपीएमची. प्रोसेसरच्या आतच चालणारी ही किल्ल्यांची तिजोरी विंडोज 11ला लागते. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा आधार संपणार म्हणून मी आधीच 11वर आले होते, त्यामुळे माझी तिजोरी चालू होती. काही यंत्रं यामुळे मधूनच क्षणभर अडखळतात, असं एएमडीने मार्च 2022मध्ये स्वतःच सांगितलं होतं. एफटीपीएमचा बोर्डावरच्या त्याच चिपशी होणारा व्यवहार कधी कधी लांबतो, हे त्याचं कारण. उपाय नव्या एजेसात होता. माझं यंत्र कधी अडखळलं नव्हतं, पण 2019चा बायॉस या सगळ्याच्या फार मागे राहिला होता.

तेव्हा अपडेट करायचा, हे ठरलं. कधी, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होता. गणपती होऊन गेले होते, अंकाचे निम्मे फर्मे छपाईला जायचे होते, दोन लेखकांची प्रुफं परत यायची होती. पाऊसही थांबलेला नव्हता आणि आमच्याकडे पावसात वीज सांगून जात नाही. मी प्रोसेसर मागवला आणि खोक्यासकट कपाटात ठेवून दिला. भाच्याला हे पटलं नाही. पण इतरांची हस्तलिखितं ज्या यंत्रात आहेत, त्याच्यावर अंकाच्या तोंडावर असा प्रयोग करण्याचा मला अधिकार नव्हता.

त्या मधल्या काळात दादांशी पुन्हा बोलले. त्यांच्याकडे बायॉसची चिप लिहायचा प्रोग्रॅमर आहे, चिमटा लावून बोर्डावरच लिहिता येतं. मोबाइलच्या उजेडात चिपवरचा क्रमांक वाचून आम्ही तिची माहिती काढली, तर ती 1.8 व्होल्टची निघाली. त्यांचा प्रोग्रॅमर 3.3 व्होल्ट देणारा. तसाच लावला असता तर चिप जळण्याची भीती. त्यांनी व्होल्टेज उतरवणारा अ‍ॅडॉप्टर मागवून घेतला. “आता करा ताई, बिघडलं तर मी आहे,” असं ते म्हणाले, तेव्हा मला खरा धीर आला.

अंक छापून गेला, दिवाळी झाली, आकाश निरभ्र झालं. यूपीएसची बॅटरी जुनी होती, ती बदलली आणि मुख्य बटण बंद करून यंत्र तेवढ्यावर तगतं का, ते पाहिलं. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन क्रमांक फाइलच्या नावाशी ताडून घेतला. बायॉसमधल्या सगळ्या सेटिंगांचे मोबाइलवर फोटो काढले, कारण अपडेटनंतर ती पुसली जातात. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद केलेली होती. तिची 48 अंकी किल्ली वहीत उतरवली आणि संरक्षण तात्पुरतं स्थगित केलं. ही पायरी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बोर्ड शाबूत राहतो, पण किल्ली नसली तर आतल्या फायली कायमच्या बंद होतात.

पेन ड्राइव्ह फॅट 32मध्ये फॉरमॅट करून विंडोजमधून नव्हे, तर बायॉसच्याच आतल्या सोयीतून मधली आवृत्ती टाकली, मग शेवटची. यंत्र दोनदा आपोआप बंद होऊन चालू झालं. दुसऱ्या दिवशी दादांनी प्रोसेसर बदलला आणि पडद्यावर प्रश्न आला: नवा प्रोसेसर दिसतो आहे, एफटीपीएम नव्याने सुरू करायचं असेल तर वाय दाबा, नको असेल तर एन. किल्ली वहीत होती, संरक्षण स्थगित होतं, म्हणून मी वाय दाबला. विंडोज उघडलं, फक्त पिन नवा ठरवावा लागला. मेमरीचा वेग पूर्वीच्या आकड्यावर आणला, बिटलॉकर पुन्हा चालू केलं आणि श्रीलिपीच्या फाँटमधला एक जुना अंक उघडून त्याची पानं डोळ्याखालून घातली.

पुढे त्याच यादीत आणखी एक आवृत्ती आली. भाच्याने लगेच विचारलं, “मावशी, टाकायची?” मी वर्णन वाचलं. माझ्याकडे नसलेल्या एका प्रोसेसरसाठी सुधारणा, एवढंच होतं. सुरक्षेची दुरुस्ती असती तर कामाच्या मधली मोकळी वेळ पाहून टाकलीच असती. ही राहू दे म्हटलं आणि स्कॅनरवर पुढचं पान ठेवलं.