थेंब मोजताना

महाबळेश्वरला जून सरता सरता ढग जमिनीवरच उतरतो. सकाळी माझं पहिलं काम ठरलेलं असतं: थेंब मोजणाऱ्या यंत्राच्या दोन्ही काचा मऊ फडक्यानं पुसायच्या आणि कोळ्याचं जाळं काढायचं. एकदा जाळं तसंच राहिलं. वाऱ्यानं तंतू हलत राहिला आणि कोरड्या रात्रीच्या नोंदीत पाऊस लागला.

यंत्राच्या दोन डोक्यांमध्ये लेसरचा पातळ पट्टा असतो. थेंब त्यातून गेला की पलीकडे पोचणारा प्रकाश क्षणभर कमी होतो. किती कमी झाला यावरून थेंबाचा व्यास, किती वेळ कमी राहिला यावरून वेग. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर पडतो, पाच मिलिमीटरचा ९ मीटर. त्यामुळे व्यास आणि वेग एकमेकांची साक्ष देतात. मोठा असून संथ दिसला, तर तो थेंब नव्हे. किडा असेल, नाहीतर काठावरून उडालेला शिंतोडा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली. घाटमाथ्यावरच्या पावसात बारीक थेंबांची गर्दी असते, कारण तिथले बरेचसे ढग ठेंगणे. तिकडे दुष्काळी पट्ट्यात, जतला, आटपाडीला वळवाचे टपोरे थेंब. आमच्याकडचे जुने शेतकरी ‘बुरबुर’ आणि ‘वळीव’ यांत कधी गल्लत करत नाहीत. पाणी सारखंच पडलं तर पर्जन्यमापक मात्र दोन्हींना दहा मिलिमीटरच म्हणतो. बुरबुर जमिनीत मुरते. पेरणीनंतर वळीव कोसळला तर मातीला खपली धरते आणि कोंब खालीच गुदमरतो.

रडारचीही इथंच फसगत होते. दोन मिलिमीटरच्या एका थेंबात एक मिलिमीटरच्या आठ थेंबांचं पाणी असतं, पण रडारला त्याचा प्रतिध्वनी चौसष्ट थेंबांएवढा येतो. घाट आणि दुष्काळी पट्टा यांना एकच सूत्र लावून प्रतिध्वनीवरून पाऊस काढणं मला चूक वाटतं. थेंब दोन्हीकडे मोजले पाहिजेत, आणि जतसारख्या गावात आधी.

लेसर नसला तरी मोजता येतं. अमेरिकेतल्या विल्सन बेंटलीनं १९०४ मध्ये पिठावर थेंब मोजून दाखवले. परातीत बोटभर जाडीचं चाळलेलं गव्हाचं पीठ घ्या, दोन-तीन सेकंद पावसात धरा, लगेच झाका. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. वाळल्यावर चाळा, पट्टीवर मोजा. यंदाच्या पहिल्या वळवाला शाळेतल्या मुलांकडून हे करून घ्या, आणि गोळ्यांच्या पुडीवर तारीख, वेळ आणि गावाचं नाव न विसरता लिहा.