राखणदाराची डुलकी

“बाबा, ‘रिप्रेसर’ला मराठीत काय म्हणायचं?”

ही गोष्ट मार्चमधली. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या वार्षिकासाठी लेख लिहीत होती. मराठीचा प्राध्यापक शब्दासाठी थोडाच अडणार! मी ऐटीत म्हणालो, “दमनकर्ता!”

“छे! तो नुसता वाटेत बसतो.”

मग शिष्येने गुरूला समजावले. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूच्या डीएनएत दुधातली साखर पचवण्याची कृती लिहिलेली असते. ती वाचणारे एन्झाइम ‘प्रोमोटर’ नावाच्या जागेवरून वाचायला लागते. पण तिला लागूनच हे प्रथिन डीएनएला मिठी मारून बसते आणि वाचन होऊ देत नाही. दूधच नाही, तर ते पचवायची सामग्री कशाला घडवा? साखर आत आली, की तिचेच बदललेले रूप या प्रथिनाला चिकटते, मिठी सुटते आणि वाचन सुरू होते. पॅरिसच्या जाकोब आणि मोनो यांनी हे १९६१ साली मांडले; १९६५ साली ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

“पण बंद दारातून साखर आत येते कशी?” मी शंका काढली.

“तीच तर गंमत! साखर आत घेणारं प्रथिनही त्याच कृतीतून बनतं. राखणदाराला मधूनच डुलकी लागते, तेवढ्यात थोडी प्रथिनं तयार होतात. पहारा अगदी कडेकोट असता, तर दारात दूध येऊनही जंतू उपाशीच राहिला असता.”

मी गप्प झालो. तिचा बंगळूरचा अर्ज दोन महिने माझ्या टेबलावर पडून होता. “कुलाब्याच्या टाटा संस्थेत ओबेद सिद्दिकींनी १९६२ सालीच या शास्त्राचा विभाग काढला. बोरिवलीहून लोकलने जा-ये कर,” हा माझा मुद्दा. “सिद्दिकीही पुढे बंगळूरला गेलेच की!” हा तिचा. खरे तर आदल्या मे महिन्यात मावशीकडे म्हणून आठ दिवस तिला मीच तिकडे पाठवले होते. डुलकी माझीच!

त्या रात्री लेखात ‘राखणदार’ हा शब्द गेला आणि अर्जावर पालकाची सही झाली.

साखर संपली, की राखणदार पुन्हा जागेवर येऊन बसतो, हेही तिने सांगितले होते. दिवाळीला ती घरी येते आहे. मी जागा धरून बसलो आहे.