बोटांनी वाचायची रांगोळी

दिवाळी आली की शुभेच्छांचा पाऊस सुरू होतो. पूर्वी पोस्टमन ग्रीटिंग कार्डांचा गठ्ठा टाकून जायचा, आता मोबाइल दिवसभर किणकिणत राहतो. पणत्या, आकाशकंदील, फुलबाज्या... सगळे रंगीत, झगमगीत, डोळ्यांचे पारणे फेडणारे. पण ज्याला दिसतच नाही, त्याने या शुभेच्छा घ्यायच्या कशा? २०२३ च्या दिवाळीपर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पडला तो माझ्याच आईच्या हातात उलटे धरलेले कार्ड पाहून.

आई नागपूरला दादाकडे राहते. मी नोकरीनिमित्त दिल्लीत. आईचे वय तेव्हा ६८ होते. तिला काचबिंदू आहे हे आम्हाला फार उशिरा कळले. या आजारात नजर बहुतेक वेळा कडांकडून, अगदी गुपचूप कमी होत जाते. समोरचे दिसत असते, म्हणून माणूस गाफील राहतो. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने, उरलेली जपायची एवढेच हाती असते. आईच्या बाबतीत जपायलाही फारसे उरले नव्हते. उजेड कुठल्या बाजूला आहे आणि समोर कोणी उभे आहे, इतकेच तिला कळे.

त्या दिवाळीत मी तिच्यासाठी एक महागडे कार्ड नेले होते. सोनेरी छपाई, आत चार ओळींची कविता. का नेले? सवयीने. दरवर्षी नेत होते म्हणून. आईने ते हातात घेतले, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे हो!" कार्ड उलटे होते. पणत्यांच्या ज्योती जमिनीकडे झुकल्या होत्या. ते मी पाहिले, वहिनीनेही पाहिले. दोघीही काही बोललो नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. दारात रांगोळीचे स्टिकर चिकटवलेले होते. जिने उभ्या जन्मात सडा-रांगोळी झाल्याशिवाय चहाला तोंड लावले नाही, तिच्या उंबऱ्यावर स्टिकर! पण वहिनीला दोष कसा द्यायचा? रांगोळी काढताना आई एकदा पायरीवरून घसरली होती, तेव्हापासून रांगोळी बंद झाली. मग विळी लागेल म्हणून भाजी चिरणे बंद. सुई टोचेल म्हणून शिवण बंद. "आई, तुम्ही बसा, मी करते," असे म्हणत म्हणत आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमाने, तिचे हात रिकामे केले होते.

रिकाम्या रिफिलची करामत

दिल्लीला परतल्यावर काही आठवड्यांनी कमी खर्चातल्या हस्तकलांवर लिहायचे काम माझ्याकडे आले. त्या यादीत एक नाव होते, कोरडे एम्बॉसिंग. म्हणजे शाई नाही, रंग नाही, उष्णता नाही. नुसत्या दाबाने कागदावर उठाव आणायचा. लग्नपत्रिकेवरचा बिनरंगाचा, उठावदार गणपती आठवा किंवा नोटरीचा कागदावर दाबलेला शिक्का. तिथे हे काम यंत्र करते. घरी तेच हाताने करायचे.

बाजारात यासाठी तयार साचे आणि गोल टोकाच्या सळया मिळतात, पण खरे सांगायचे तर त्यावाचून काही अडत नाही. शाई संपलेले बॉलपेन, क्रोशाच्या सुईचे मागचे बोथट टोक आणि लहान चमच्याची दांडी, ही झाली हत्यारे. साच्यासाठी मी घरात शोधाशोध केली, तेव्हा कपाटावर ह्यांच्या मुरगळलेल्या पायाचा जुना एक्स-रे सापडला. काळा, चिवट, कात्रीने सहज कापता येणारा. त्यात एक पान कापले आणि फिल्म खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावली. बाहेरच्या उन्हामुळे कापलेले पान लख्ख उजळले. त्यावर जाडसर कागद ठेवला, तोही चिकटवला आणि कागदातून दिसणाऱ्या उजळ आकाराच्या कडेने आतल्या बाजूने बॉलपेनचे टोक दाबत नेले. कागद काढून उलटा केला तर पान वर आलेले!

हे सोपे वाटते, पण माझे पहिले आठ-दहा कागद वाया गेले. वहीचा कागद फाटला. चकचकीत कागदाला भेगा पडल्या. शेवटी चावडी बाजारातून हातकागदाचा एक मोठा ताव आणला. सुती चिंध्यांपासून केलेल्या या कागदात लांब तंतू असतात, ते दाबाखाली थोडे ताणले जातात पण लवकर तुटत नाहीत. कागदाच्या मागच्या बाजूवर मेणकागदाचा तुकडा घासला, तर टोक सुळकन सरकते. आणि जोर एकदम लावायचा नाही. पहिल्यांदा हलका हात, दुसऱ्यांदा जरा अधिक, तिसऱ्यांदा पक्का. एक्स-रेची फिल्म पातळ असल्याने उठाव कमी येतो. ठसठशीत हवा असेल तर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापावा. हे सगळे साहित्य मिळून माझे शंभर रुपयेही खर्च झाले नाहीत.

एका संध्याकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने ते पान उचलले, डोळे मिटले आणि त्यावर बोट फिरवत म्हणाला, "आई, हे आजीला दिसेल!"

मी हातातले काम तसेच ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले. इतके दिवस मी कागद डोळ्यांसमोर धरून उठाव सुरेख आला की नाही एवढेच बघत होते.

मागून पुढे

दुसऱ्याच दिवशी मोठ्या उत्साहाने मी कार्डावर 'आई' अशी अक्षरे काढली. कागद पालटला आणि कपाळावर हात मारून घेतला. अक्षरे आरशात पाहिल्यासारखी उलटी! दाब मागून द्यायचा असतो, त्यामुळे पुढून सुलट दिसायला मागून उलटे लिहावे लागते.

अंधांची ब्रेल लिपी हाताने लिहितात तीही अशीच. पाटीत कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे ठिपके दाबायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. ही लिपी शोधणारा लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समध्ये जन्मला. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचे सामान बनवत. तिसऱ्या वर्षी त्यांच्या कारखान्यातले टोकदार हत्यार डोळ्याला लागले आणि पुढे त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. त्याच लुईने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली, १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. आपल्याकडे १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही सामाईक पद्धत स्वीकारली गेली.

आईला ब्रेल येत नव्हती. पण ठिपके? ठिपके तर तिच्या बोटांत होते! रांगोळीचे ठिपके. शिवाय ठिपक्यांची रांगोळी दोन्ही बाजूंनी सारखी, उलट-सुलटचा घोळच नाही. मी सात ते चारची रांगोळी निवडली. मधल्या ओळीत सात, मग वर-खाली सहा, पाच, चार. एकूण ३७ ठिपके. यासाठी साचाही लागला नाही. जुन्या योगासनांच्या चटईचा तुकडा खाली घेतला, त्यावर कागद पालथा, वर आलेखाचा कागद. ठिपके रिकाम्या रिफिलने दाबले, जोडणाऱ्या रेषा चमच्याच्या दांडीने. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो, हे वाचले होते. तेवढी उंची येईपर्यंत दाबत राहिले.

पाकिटात घालून कार्ड नागपूरला पाठवले. चार दिवसांनी आईचा फोन आला. आवाजात तोच नेहमीचा समजूतदारपणा. "कार्ड मिळाले ग. पण यावर काही आहे का? मला कोराच लागतोय."

चूक माझीच होती. पातळ पाकिटात, इतर टपालाच्या ओझ्याखाली, सगळा उठाव दबून गेला होता. असे कार्ड पाठवताना भोवती पुठ्ठ्याची उंच चौकट करून वर आणखी एक पुठ्ठा ठेवायचा असतो, म्हणजे दाब उठावावर येत नाही. हे मी शिकले, पण आईला पुन्हा एकदा 'छान आहे हो' म्हणायच्या बेतात आणून!

दुसरे कार्ड मी स्वतःच घेऊन गेले, तिच्या वाढदिवसाला, २०२४ च्या मार्चमध्ये. या वेळी काही सांगितले नाही. नुसते हातात दिले. आईने कार्डावर तळहात फिरवला आणि थांबली. मग उजव्या हाताची तर्जनी वरच्या कोपऱ्यातून सावकाश चालू लागली. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. खालची ओळ. मग पुढची. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली.

"सात ते चार," आई म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. बोट मागे गेले, पुन्हा पुढे आले. "तिसऱ्या ओळीत पाचच आहेत. सहा हवेत. इथे डाव्या अंगाला पाकळी मिटलीच नाही. काय ग, लहानपणापासून तुझे लक्ष कधी ठिकाणावर नसायचे!"

मी कार्ड पाहिले. खरेच एक ठिपका राहिला होता. मला, माझ्या धडधाकट डोळ्यांना, तो दिसला नव्हता.

किती वर्षांनी आई मला रागावली होती! दिसेनासे झाल्यापासून ती कुणालाच बोलत नसे. सगळ्याला 'छान', सगळ्याला 'चालेल'. त्या दिवशी तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "कशाने करतेस हे? दे इकडे."

माझ्या तोंडावर शब्द आले होते, 'राहू दे आई, टोचेल.' मी ते गिळले आणि रिकामे बॉलपेन तिच्या हातात दिले.

ओळ सरळ कशी ठेवायची, हा प्रश्न वहिनीने सोडवला. लोकरीच्या पर्स विणण्यासाठी प्लास्टिकची चौकोनी घरांची जाळी मिळते, तिचा तुकडा तिच्याकडे पडून होता. तो कागदावर बांधायच्या चिमट्यांनी बसवला. आता आई डाव्या हाताच्या बोटाने घरे मोजते आणि दर चौथ्या घरात ठिपका दाबते. पुढच्या ओळीला दोन घरे सरकून सुरुवात. रेषा ती जाळी काढून, ठिपके चाचपत, चमच्याच्या दांडीने ओढते. पहिले कागद फाटले. तिला वाईट वाटले नाही, उलट कागद बरा आण म्हणून दादाला फर्मान सुटले.

आपल्यापैकी अनेकींच्या घरी अशी एखादी आई, सासूबाई किंवा आजोबा असतील. त्यांना महागडी भेट द्यायच्या आधी त्यांचे हात आज काय करतात, हे एकदा पाहावे. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल, तर भावंडांनी व मुलांनी त्रास नसला तरी डोळे तपासून घ्यावेत. मी आणि दादाने ते आता केले आहे.

उंबऱ्यावर अजूनही स्टिकर आहे. तिथे वाकणे आईला खरोखरच धोक्याचे आहे, हे तिलाही पटते. पण २०२४ च्या दिवाळीत आमच्याकडे नागपूरहून एक जाडजूड पाकीट आले. भोवती पुठ्ठ्याची उंच चौकट, वर पुठ्ठा, सगळे नीट. आत पांढरे कार्ड. मी डोळे मिटले आणि मोजू लागले. चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. एकही चुकला नव्हता. फक्त दोन ठिकाणी दाब जास्त होऊन कागदाला बारीक भोके पडली होती.

मी फोन करून म्हटले, "आई, फार छान झालंय."

"दोन भोके पडलीत," ती म्हणाली. "मला माहीत आहे."