पोर्चपुढची खचलेली वाट

सकाळी फाटकात सडा घालून रांगोळी काढायची, हा आजींचा नेम. सांगली सोडून म्हैसूरला संसार थाटल्याला चाळीस वर्षे होत आली, तरी माहेरची ठिपक्यांची रांगोळी त्यांनी सोडली नव्हती. २०२० च्या पावसाळ्यात त्यांच्या लक्षात आले की रांगोळीपासून दोन हात आत पाणी साचते आणि दुपारपर्यंत हटत नाही.

"अहो, फाटकातली जमीन खाली गेलीय."

अप्पांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. "काँक्रीट आहे ते. खाली कुठं जाणार?"

पण ते जात होते. पोर्चच्या कडेला आधी केसाएवढी चीर पडली, मग तीत बोट जाऊ लागले. फाटकाखालून पूर्वी मांजरही शिरत नसे, आता शेजारचे कुत्र्याचे पिल्लू खुशाल ये-जा करू लागले. तेव्हा मात्र अप्पांनी गवंडी बोलावला आणि खड्ड्यावर दोन इंच नवे काँक्रीट ओतून घेतले. चार महिने वाट सपाट दिसली. मग पुन्हा तेच! पुन्हा थर, पुन्हा पैसे.

हा उपाय घरोघरी होतो म्हणून त्याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. काँक्रीटचे वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब वाटेवर दोन इंचांचा थर म्हणजे दोन टनांहून अधिक भार. दुरुस्ती म्हणून अप्पांनी खचणाऱ्या जमिनीच्या डोक्यावर दोन छोट्या मोटारी कायमच्या उभ्या केल्या, आणि वर्षभरात आणखी दोन!

१३ जून २०२१ ला मुंबईत घाटकोपरच्या एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार बघता बघता जमिनीत बुडाली. जुन्या विहिरीवर काँक्रीट टाकून तिथे गाड्या लावत होते. पुण्याहून मुलाने ती चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिले, 'अप्पा, तुमच्या फाटकात खाली संप आहे ना?'

म्हैसूर-बंगलोरकडच्या घरांची ही रीतच. नळाचे पाणी ठरावीक वेळी येते. ते जमिनीतल्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, साठवायचे आणि पंपाने गच्चीवर चढवायचे. ही टाकी बहुधा पोर्चखाली किंवा फाटकाच्या आतच असते. तिच्याच बाजूला मोटार लावायची आणि तिथेच सुटीत आलेली नात सायकल चालवायची. त्या दिवशी आजींनी कुंड्यांची रांग लावून वाट बंद केली. अप्पांची मोटार रस्त्यावर आली.

ऑक्टोबरात पावसाने कहर केला. चामुंडी टेकडीवर नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याचा भाग त्याच पावसात खचला. अप्पांच्या फाटकातला खड्डा वीतभर खोल झाला. दिवाळीला नात येणार होती.

या वेळचा मेस्त्री वयस्कर होता. त्याने लोखंडी पहार घेऊन वाट ठोकत नेली. एके ठिकाणी आवाज बदलला, रिकाम्या डब्यासारखा. "सार, आत पोकळ आहे. फोडून बघायला पाहिजे," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. फोडण्याआधी त्याने अप्पांना एक काम सांगितले. रात्री टाकीत पाणी येणारे आणि टाकीतून जाणारे दोन्ही बंद करायचे, पाण्याच्या पातळीला खडूची खूण करायची आणि सकाळी बघायचे. सकाळी पाणी दोन सेंटिमीटर उतरले होते. ऐकायला किरकोळ वाटते. पण सहा फूट लांब-रुंद टाकीत दोन सेंटिमीटर म्हणजे पासष्ट-सत्तर लिटर. एका रात्रीत! ते पाणी कुठे जात होते, ते आता वेगळे सांगायला नको होते.

तरीही अप्पा फोडायला तयार होईनात. दोन दिवस टाळाटाळ झाली. शेवटी जेवताना त्यांनी पानावरून हात उचलला.

"खाली काय निघणार ते मला माहीत आहे. साइट उताराची होती, तीन फूट भराव लागला. पैसे संपले होते. मी कुठल्याशा पाडलेल्या घराचा राडारोडा स्वस्तात आणून एका दिवसात लोटला. धुमस केलीच नाही."

आजी आमटी वाढत होत्या. "ठाऊक आहे मला."

"तुला?"

"त्या दिवशी तुमचा डबा घेऊन आले होते की मी. ट्रॅक्टर रिकामे होऊन गेलेसुद्धा. आणि रात्री तुम्ही सांगितलंत, तीन दिवस पाणी मारून चोपून घेतलं म्हणून."

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"हप्त्याच्या काळजीनं तुम्हाला झोप नव्हती. त्यात मी अजून काय बोलायचं? घर तर जुन्या जमिनीवर पाया खणून बांधलं होतं. वाटेचं पुढं बघू, म्हटलं."

हे 'पुढं' सत्तावीस वर्षांनी आले.

काँक्रीट फोडल्यावर खाली घमेलेभर मावेल अशी पोकळी दिसली, त्याखाली विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, एक चपलेचा तळवा. टाकीच्या भिंतीतून पंपाचा पाइप जिथे बाहेर पडतो तिथल्या फटीतून पाणी झिरपत होते. वर्षानुवर्षे ते विटांच्या सांदीतली बारीक माती खाली घेऊन गेले होते. गच्चीच्या पावसाचा पाइपही याच वाटेवर तोंड करून होता.

फट बुजवून टाकी आतून गिलावा करून घेतली. पुन्हा खडूची खूण झाली. पाणी जागचे हलले नाही. मग राडारोडा उपसून मुरूम आला. पाऊण वीत थर पसरायचा, बेताचे पाणी शिंपडायचे, चोपायचे, मगच पुढचा थर. चिखल होईल इतके पाणी मारले तर मुरूम बसत नाही, फुगतो. अप्पा खुर्ची टाकून प्रत्येक थराला हजर. मजूर कंटाळले, अप्पा कंटाळले नाहीत. बँकेतली एक ठेव मोडावी लागली, तीही आजींच्या नावावरची.

वर काँक्रीटऐवजी पेव्हर ब्लॉक बसवले, कारण पुन्हा जमीन बसलीच तर ते उचलून खालची माती पाहता येते. अर्थात ब्लॉक म्हणजे काही कवच नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेची भली मोठी गाडी अशाच ब्लॉकसकट जमिनीच्या पोटात गेली होती. गच्चीचा पाइप बागेकडे वळवला आणि वाटेला रस्त्याकडे उतार दिला.

उतार बरोबर आहे का, हे दिवाळीला आलेल्या नातीने तपासले. पोर्चच्या पायरीपाशी तिने एक गोटी ठेवली. गोटी जरा थबकली, मग ब्लॉकांच्या फटींतून अडखळत फाटकाकडे निघाली आणि आजींच्या रांगोळीत जाऊन थांबली.

"माझे ठिपके मोडलेस गं," आजी म्हणाल्या. अप्पांनी गोटी उचलली आणि पुन्हा पायरीपाशी नेऊन ठेवली.