दुपारी मिटलेली पानं

वसमत, ऑगस्टअखेर

प्रिय सखे,

कॅनडातून तुझा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "पाऊस झाला का गं?" या वेळी उत्तर पत्रातून देते, कारण सांगायचं पुष्कळ साठलंय. पाऊस झालेला नाही. अठरा दिवसांची उघडीप पडलीय. २०२३चा ऑगस्ट आपल्या देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला होता, तेवढी वेळ अजून आलेली नाही. पण दुपारी बांधावर उभं राहिलं की सोयाबीननं माना टाकलेल्या दिसतात. पानं उलटी होऊन पांढुरकी बाजू वर येते. हळदीच्या पानांची तर सुरळीच होते.

परवा शाळेत मुलांना घेऊन एक गंमत केली. सोयाबीनच्या पानाला खालून बिनरंगी नेलपॉलिश लावलं, वाळू दिलं आणि चिकटपट्टीनं तो पापुद्रा अलगद उचलला. एक पान सकाळी आठचं, दुसरं दुपारी दोनचं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पानाच्या रंध्रांचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, ठसे उमटले होते, केसाच्या जाडीहूनही लहान. सकाळच्या पापुद्र्यात मधली फट स्पष्ट दिसत होती. दुपारच्यात बहुतेक ठिकाणी नुसती रेघ. एक मुलगी म्हणाली, "बाई, हे झोपलेत." मला ते फार आवडलं, पण झोपेपेक्षा हे काम पुष्कळ जागेपणाचं आहे.

प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी असतात. सकाळचा उजेड, त्यातही निळा, पडला की त्या पोटॅशियम आत ओढून घेतात. त्याच्या मागोमाग पाणी येतं आणि पेशी फुगतात. सायकलच्या दोन ट्यूब शेजारी ठेवून त्यांची टोकं बांधली, अंगाभोवती सुतळी गुंडाळली आणि हवा भरली, तर काय होईल? जाड व्हायला जागा नाही, म्हणून त्या बाहेरच्या बाजूला वाकतील आणि मधे फट पडेल. पेशीच्या भिंतीतले धागे त्या सुतळीसारखेच आडवे गुंडाळलेले असतात. पोटॅशियम बाहेर गेलं की पाणीही जातं, पेशी सैल पडतात आणि फट मिटते. जमीन सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढतं. रक्षक पेशींना मिटायला सांगणारा निरोप तोच.

पण मिटणं फुकट होत नाही. फट उघडी असेल तर कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि अन्न तयार होतं, पण त्याच वाटेनं पाणी उडून जातं. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त असंच हवेत जातं. फट मिटली तर पाणी वाचतं, पण चूल थंडावते आणि पान तापतं. दिवसभर झाडाला तहान आणि भूक यांतली एक निवडावी लागते, आणि ते लाखो तोंडांनी क्षणोक्षणी निवडत असतं. हे कळल्यापासून कोमेजलेल्या पिकाकडे मी वेगळ्या नजरेनं बघते.

गेल्या वर्षी हे कळत नव्हतं. दुपारी हळदीची सुरळी बघून जीव घाबरा व्हायचा, आणि ठिबक तासन्‌तास चालू ठेवलं. संध्याकाळी पानं उलगडायची, तरी दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. सरीत पाणी साचलं आणि कंदकूज शिरली. दुपारी मान टाकून सांजेला सावरणारं पीक अजून स्वतःला सांभाळतंय. सकाळी सातलाही मान खालीच असेल, तेव्हा पाण्याची खरी घाई. आता मी सकाळीच फेरी मारते आणि माती हातात घेऊन बघते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात पावसाच्या खंडात पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी येते, म्हणजे दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम १३:००:४५. दुकानात सगळेच तो आकडा बोलतात. त्यातल्या पंचेचाळीसमधलं पोटॅशियम या रंध्रांच्या दारांच्या बिजागरीचं आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगायला हवं. कारण कळलं की माणूस फवारणी भर दुपारी न करता सकाळी किंवा सांजेला करतो.

तुझ्या खिडकीतल्या कोरफडीचं मात्र उलटं आहे हं. कोरफड, निवडुंग, पानफुटी ही मंडळी दारं रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं मिटून त्याच शिदोरीवर स्वयंपाक करायचा. दोनशे वर्षांपूर्वी बेंजामिन हाईन नावाच्या वनस्पतीतज्ज्ञानं भारतात असताना पानफुटीचं पान चाखलं. पहाटे ते आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागलं. लंडनच्या लिनियन सोसायटीला त्यानं तसं पत्र लिहून कळवलं. केवढा मोठा शोध, आणि उपकरण काय, तर जीभ! मी आमच्या अंगणातल्या पानफुटीवर करून पाहिलं. पहाटेचं पान खरंच आंबट लागतं.

दिवाळीला येशील तेव्हा सोयाबीन निघालेलं असेल, पण हळद उभी असेल. शेतात दुपारी नको, सकाळी आठला चल. तेव्हा पानं उघडी असतात.

तुझी,
वसमतची मैत्रीण