सक्तीचे मौन
घशाच्या विकारामुळे डॉक्टरांनी आठ दिवस बोलण्यास सक्त मनाई केली, तेव्हा भाच्याने २०१२ सालचा ‘जर्नी’ हा खेळ लावून दिला. त्या वाळवंटात एखादा अनोळखी सहप्रवासी भेटतो, परंतु संभाषणाची तजवीज नाही, केवळ एक सूर निघतो आणि क्षणभर शुभ्र चिन्ह उजळते. बर्फाच्या चढावर तो मला बिलगून चालला, तेव्हा स्पर्शासरशी आमचे गळपट्टे उजळत राहिले. ज्याला हवा त्याच्यापुरता खेळात बोलण्यासाठी शब्दांचा फुगा द्यावा, असे भाचा म्हणतो. अर्ज रीतसर आहे, नामंजूर करण्यास सबळ कारण मजपाशी नाही. मात्र फुगा असता, तर मी प्रथम त्या सहप्रवाशाचे गाव विचारले असते (खोडच ती!). श्रेयनामावलीनंतर त्याचे नाव पडद्यावर आले, आणि उगाच परके वाटले.