कमरेचा कसा

"पैसे सरळ खिशात ठेवले असते तर आम्ही विचारलंही नसतं, काका. लपवलेत, म्हणूनच संशय आला."

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी शर्ट दोन्ही हातांनी छातीपर्यंत धरून उभा होतो आणि बसच्या खिडक्यांतून चाळीस माणसं माझ्या पोटाकडे बघत होती. दिवस 9 मे 2024. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती.

मी सुरतेत, उधन्यात शिवणकाम करतो. गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. 1989 साली लूमवर काम करायला आलो, चार वर्षांत कानाला त्रास सुरू झाला, म्हणून मशीन घेतली आणि गल्लीत बसलो. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत आम्ही खानदेशी माणसं किती आहोत हे श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या वेळी या, म्हणजे कळेल. आपल्या माणसांचे पैसे गावी पोचवायचं काम माझ्याकडे कधी आलं ते नेमकं आठवत नाही. मी आखाजीला आणि दिवाळीला न चुकता जातो, हे सगळ्यांना माहीत. "भाऊ, एवढे आईला द्या" असं म्हणत माणसं दुकानात येतात. मी कागदावर नाव आणि रक्कम लिहितो, देणाऱ्याची सही किंवा अंगठा घेतो. इतक्या वर्षांत एक रुपया कमी झाला नाही. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं वेगळं वाटेल.

पैसे नेतो ते कमरेला बांधून. माझे आजोबा दोंडाईच्याच्या बाजारात मिरची विकून परतताना कमरेला कसा बांधत. कापडाची लांब, अरुंद पिशवी, दोन्ही टोकांना नाडी. इथले गुजराती म्हातारे तिला वांसळी म्हणतात; त्यांच्याकडे बासरीलाही हाच शब्द. मी माझा कसा स्वतः शिवतो. ड्रायव्हर, मुकादम, भाजीवाले अशांनाही शिवून दिलेत. त्यामुळे या एका वस्तूबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानतो.

पहिली गोष्ट कापडाची. हे शहर पॉलिस्टरवर जगतं, माझं घरही त्यावरच चाललं; पण अंगाला लागून बांधायला पॉलिस्टर नको. त्यात घाम मुरत नाही आणि तासाभरात कंबर चुरचुरते. मांजरपाट घ्यावा, दोनदा धुऊन मऊ करावा, मग कापावा. रंग पांढराशुभ्र नको आणि काळा तर मुळीच नको, पातळ शर्टाखाली काळा पट्टा दुरून दिसतो. मांजरपाटाचा कोरा, मातकट रंगच बरा.

दुसरी गोष्ट रुंदीची. जुनी पाचशेची नोट 73 मिलिमीटर रुंद होती, 2016 नंतरची 66 मिलिमीटर आहे. नोटबंदीनंतर मी सगळे कसे उसवून अर्ध्या बोटानं अरुंद केले. सैल कप्प्यात नोटा सरकून एका जागी गोळा होतात आणि तिथं फुगवटा येतो. नोटा दुमडू नयेत, आडव्या ठेवाव्यात आणि चार कप्प्यांत वाटाव्यात. दोन कप्पे उजव्या कुशीला, दोन डाव्या. बेंबीसमोर काही नको, वाकताना टोचतं. मणक्यावर काही नको, बाकावर टेकलं की रुततं. घामानं नोटा भिजू नयेत म्हणून प्रत्येक कप्प्यात प्लॅस्टिकची पातळ पिशवी. बकल नको, चपटी नाडी हवी आणि गाठ बाजूला. कसा बनियनवर बांधावा, उघड्या अंगावर नाही. पँटच्या पट्ट्याच्या जरा खाली, कमरेच्या हाडावर बसेल असा. बांधून घरात तासभर वावरावं. उकिडवं बसावं, माळ्यावरचं काही काढावं, पोटभर जेवावं. एवढं करून त्याची आठवण राहिली नाही तरच तो कसा जमला.

कारण पैसा दिसतो तो कपड्यातून नाही, हातातून दिसतो. टोचणाऱ्या पट्ट्याकडे हात सारखा जातो. खिसेकापू खिसा बघत नाही, तुमचा हात बघतो. जिथं हात जातो तिथं माल.

आणि हे सगळं ठाऊक असून मी त्या दिवशी विकतचा पट्टा बांधला होता. मुलानं पहिल्या पगारातून फोनवर मागवलेला. काळा, इलॅस्टिकचा, चेन असलेला, पुढे प्लॅस्टिकचं बकल. "पप्पा, ते जुनं चिंधूक सोडा आता." पोरानं हौसेनं आणलं, बांधायला नको कसं म्हणणार? बारडोली येईपर्यंत कंबर पेटली होती. मे महिना, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. व्यारा गेलं तसा मी तो पट्टा कधी वर, कधी खाली सरकवत होतो.

एरवी मी पॅसेंजरनं जातो. आखाजीच्या गर्दीत त्या दिवशी गाडीत शिरताच आलं नाही, म्हणून बस धरली. उधना नवसारी मतदारसंघात येतं, आमचं मतदान 7 मेला झालेलं. मला वाटलं, निवडणूक संपली. धुळ्याचं मतदान 20 मेला आहे आणि आचारसंहिता चालूच आहे, हे डोक्यात आलंच नाही. या काळात 50,000 रुपयांच्या वर रोकड जवळ असली तर ती कुठून आली याचा कागद दाखवावा लागतो. माझ्याकडे 94,500 होते. माझे तीस हजार, घराचे पत्रे बदलायला. बाकीचे सहा जणांचे.

वाटेतल्या एका तपासणी नाक्यावर पथक बसमध्ये चढलं. पिशव्या बघत बघत पुढं आलं. माझ्या शेजारच्याची पिशवी बघताना त्यांच्यातल्या एकानं माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात पट्ट्यावर होता.

खाली उतरवलं. टेबलावर नोटा मोजल्या, एकशे एकोणनव्वद. मी खिशातून कागद काढून दिला: नावं, रकमा, सह्या, अंगठे. त्यांनी बँकेची पावती मागितली. लूमवरच्या माणसाचा पगार रोख येतो, भिशी रोख उचलली जाते, त्याची कसली पावती? मी म्हटलं, ज्यांचे पैसे आहेत त्यांना विचारा. नंबर आहेत.

त्यांनी फोन स्पीकरवर लावले. दोघे रात्रपाळीत होते. लूम चालू असताना फोनची घंटा ऐकू येत नाही हे मी सांगितलं, त्यावर कोणी काही बोललं नाही. तिघांनी सांगितलं, हो, आमचे पैसे, भाऊंकडे दिलेत. उरली एक बाई. तिचे नऊ हजार होते. घरी साडीला लेस लावून साठवलेले, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. फोन तिनंच उचलला. साहेबानं विचारलं, तुम्ही यांच्याकडे पैसे दिलेत का?

मागं पुरुषाचा आवाज आला, कोण आहे एवढ्या रात्री?

ती म्हणाली, "मी कोणलेच पैसा दिधा नहीत."

आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचे दोन तास मी पुन्हा पुन्हा जगलो आहे. साहेबानं कागदावरच्या तिच्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, मग हा कोणाचा? तोवर मी संशयातला माणूस होतो, त्या क्षणी खोटा माणूस झालो. आधीच्या तिघांचं खरं बोलणंही त्या एका नाहीनं बुडालं. पढवून ठेवलंय सगळ्यांना, असं एकजण म्हणाला. बस निघून गेली. जाताना कंडक्टरनं माझी पिशवी खाली ठेवली, ती अशी की हात लागू नये. मी शर्ट खाली सोडला होता, तरी पोट उघडंच आहे असं वाटत होतं. नवऱ्याला न सांगता साठवलेले पैसे आहेत, हे मला माहीत होतं. तिनं देतानाच सांगितलं होतं. एवढं बोललो असतो तर कदाचित सुटलो असतो. पण त्यांनी पुन्हा फोन लावला असता, तो नवऱ्यानं घेतला असता, आणि मग? मी गप्प बसलो. चांगुलपणानं गप्प बसलो असं म्हणणार नाही. माझी बोबडी वळली होती.

दीडच्या सुमाराला वरचे अधिकारी आले. त्यांनी कागद वाचला, सह्या बघितल्या, मला गावाचं, धंद्याचं विचारलं. जबाब लिहून घेतला, माझी सही घेतली आणि पैसे परत दिले. नऊ हजारांसकट. माफी कोणी मागितली नाही. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही, मतं विकत घेणारा पैसा याच रस्त्यांनी फिरतो. पण चोराच्या भीतीनं लपवणारा आणि चोर, या दोघांना ओळखायचं कसं, ते त्या टेबलापाशी कोणालाच येत नव्हतं.

एका ट्रकवाल्यानं पुढं सोडलं. आखाजीच्या दुपारी मी तिच्या आईच्या हातावर नऊ हजार ठेवले. म्हातारीनं मला पुरणाची पोळी वाढली. घास उतरेना.

उधन्यात परतलो तेव्हा ठरवून आलो होतो की तिला चार शब्द सुनावायचे. ती आली, ब्लाउज आखूड करायला घेऊन. काउंटरवर ठेवून उभी राहिली. तीही काही बोलली नाही, मीही नाही. ब्लाउज करून दिला, शिलाई घेतली. एवढंच.

आता मी सगळ्यांना सांगतो: फोनवरून पैसे पाठवा, ते जमत नसेल तर बँकेतून काढा आणि पावती सोबत ठेवा, निवडणुकीच्या दिवसांत पन्नास हजारांच्या वर नेऊच नका. मुलानं दिलेला पट्टा कपाटात आहे. तो का बांधत नाही हे त्याला सांगितलं नाही. दुसऱ्यांचे पैसे नेणं बंद, असंही जाहीर केलं होतं, आणि पहिली दिवाळी पाळलंही.

परवा ती दुकानात आली. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आईकडे फोन नाही, पासबुक भावाच्या ताब्यात. "भाऊ, गावी कधी जाणार?"

त्या रात्रीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, हे मी तिच्याकडे बघत असतानाच मला जाणवत होतं. तरीही विचारलं, किती आहेत? आठ हजार, म्हणाली. म्हणजे सोळा नोटा. त्यांचा फुगवटाही होत नाही.

रात्री दुकान बंद करण्याआधी मांजरपाटाचा तुकडा पाण्यात भिजत टाकला.